कळसूबाईची सहल, पण आधी पीटीचा तास

जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नववीच्या मुलांना कळसूबाईला न्यायचं ठरलं असेल, तर बसचं बुकिंग आणि संमतिपत्रं थोडी मागे राहिली तरी चालतील. डिसेंबर लागला की सगळ्यात आधी वेळापत्रकातले पीटीचे तास शोधा आणि पुढचे सहा आठवडे ते कोणालाही देऊ नका. गणिताचा पोर्शन राहिलाय, स्नेहसंमेलनाचा सराव आहे, अशा कारणांनी डिसेंबरात पहिल्यांदा हाच तास जातो. मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा की १६४६ मीटर उंचीच्या, राज्यातल्या सर्वांत उंच शिखरावर आपण मुलं नेतो आहोत आणि तिथली त्यांची सुरक्षितता शाळेच्या जिन्यावर आणि मैदानावर तयार होणार आहे. मी क्रीडाशिक्षक आहे आणि यावर माझं मत ठाम आहे: सहलीत व्यायाम आणि खेळ हे मधल्या मोकळ्या वेळात उरकायचे कार्यक्रम नाहीत. पाय तयार नसलेल्या मुलाला डोंगर दिसतच नाही, पुढच्या मुलाच्या टाचा तेवढ्या दिसतात.

पहिल्या आठवड्यात आरोग्याची माहिती घ्या. छापील फॉर्मवर ‘कोणताही आजार नाही’ असं लिहून सही करायची पालकांना सवय असते, म्हणून शक्य तिथे फोनवर बोला. दमा आहे का, फिट येते का, आधी कधी पाय मुरगळला होता का, कोणत्या औषधाची किंवा कीटकदंशाची अ‍ॅलर्जी आहे का, एवढं विचारलंच पाहिजे. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्या स्वतःच्या खिशात हवा, बसमध्ये राहिलेल्या पिशवीत नको. सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) निदान झालेलं मूल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. पाणी कमी पडणं, कडाक्याची थंडी आणि अति दमणूक या तिन्ही गोष्टी त्या मुलाला त्रासदायक ठरू शकतात. मुलींशी पाळीबद्दल बाईंनी मोकळेपणाने बोलून घ्यावं, जादा पॅड आणि कागदी पिशव्या प्रथमोपचाराच्या पेटीतच ठेवाव्यात. पाळी आली म्हणून कोणा मुलीला खाली बसवून ठेवू नका. चढायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या.

आता जिना. पायथ्याच्या बारी गावातून माथ्यापर्यंत साधारण ८०० मीटरचा उभा चढ आहे. तळमजला आणि वर दोन मजले अशी शाळा असेल तर जमिनीपासून गच्चीपर्यंत १० मीटरच्या आसपास भरतात, म्हणजे कळसूबाई चढणं हे गच्चीपर्यंत ८० वेळा जाणं झालं. हा हिशेब मुलांनाच करू द्या. जिन्याची एक पायरी पट्टीने मोजायची, पायऱ्या मोजायच्या, गुणाकार करायचा. उत्तर फळ्यावर आलं की वर्गात जी शांतता पसरते, तिथून खरी तयारी सुरू होते. पहिल्या आठवड्यात एका तासिकेत ५ वेळा वर-खाली, मग दर आठवड्याला तीन-चार फेऱ्या वाढवत पाचव्या आठवड्यात २० पर्यंत न्या. सहाव्या आठवड्यात निम्म्यावर या, कारण थकलेले पाय घेऊन डोंगराला जायचं नसतं. आठवड्यातून दोनदा पुरे. शाळा भरण्याआधीची वेळ निवडा, चढणारे डावीकडून आणि उतरणारे उजवीकडून, धक्काबुक्की अजिबात नाही.

स्टॉपवॉच मात्र लपवून ठेवा. वेळ लावली की शर्यत होते, आणि शर्यत झाली की पहिले पाच जण खूश होऊन बाकीचे पस्तीस मनातून सहल सोडून देतात. वेग मोजायला बोलणं पुरतं: चढताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर वेग बरोबर, दोन शब्दांत धाप लागली तर हळू व्हायचं. हृदयाचे ठोके मोजायची घड्याळं कोणाकडे असतात, कोणाकडे नसतात. वाक्य प्रत्येकाकडे असतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर जवळच्या टेकडीवर दीड-दोन तास चाला. पुण्यात पर्वती आहे, नाशिकला पांडवलेणी, मुंबईच्या मुलांना कान्हेरी. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. क्लास आणि मोबाईल यांच्यात अडकलेल्या आपल्या बहुतेक मुलांची ती होत नाही, हे या सहा आठवड्यांत तुमच्या डोळ्यांसमोर उघड होईल.

चढण्याची काळजी सगळे करतात. मला उतरण्याची जास्त वाटते. चढताना दम लागतो आणि मूल आपणहून थांबतं. उतरताना दम लागत नाही म्हणून ते पळतं. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतो, आणि स्नायूला सगळ्यात जास्त मार बसतो तो अशाच कामाने. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात त्या यामुळेच. पण शरीर शहाणं आहे: असा एक सराव आधी झालेला असेल तर पुढचे काही आठवडे त्याच कामाने स्नायू तितके दुखत नाहीत. म्हणून सहलीच्या साधारण दहा-बारा दिवस आधी एक मोठा उतार जाणीवपूर्वक उतरवून घ्या. दोन दिवस मुलं कुरकुरतील, पालकांचे फोनही येतील. शांतपणे कारण समजावून सांगा.

रोजच्या तासाला त्याचीच छोटी तयारी घ्यायची. एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय तीन आकडे मोजत हळूहळू खाली टेकवायचा, दोन्ही पायांनी आठ-आठ वेळा. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं. एका पायावर तोल सांभाळायचा, जमू लागलं की डोळे मिटून. लंगडी तर आपल्याकडे आहेच, घोट्यांना तिच्याइतका चांगला व्यायाम मला दुसरा माहीत नाही. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या खडी-मातीच्या निसरड्या उतारावरून, उतरायची रीतही मैदानाच्या कडेला, खडी-मुरुमाच्या ढिगावर दाखवता येते: गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकलेला, अंग मागे झुकवायचं नाही. मागे झुकलं की पाय सरकतो आणि मूल हातावर पडतं, मग मनगट दुखावतं.

कळसूबाईला वरच्या टप्प्यांत लोखंडी शिड्या आहेत, त्यांचीही उजळणी हवी. शाळेत भिंतीवरची शिडी असेल तर उत्तम, नसेल तर गच्चीच्या टाकीची पक्की शिडी शिक्षकांच्या देखरेखीत चार पायऱ्यांपुरती वापरा. दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम टेकलेले. उतरताना तोंड शिडीकडे. पुढचा उतरून बाजूला झाल्याशिवाय मागच्याने शिडीला हात लावायचा नाही, आणि शिडीवर मोबाईल बाहेर काढायचा नाही. उंचीची भीती असलेलं मूल इथेच लक्षात येतं. त्याची चेष्टा होऊ देऊ नका. त्याच्या पुढे आणि मागे कोण असेल हे आत्ताच ठरवा. शिड्यांवरच्या गर्दीमुळे शनिवार-रविवार टाळा. पावसाळ्यात शाळेची सहल इथे नेऊच नये असं माझं मत आहे. नवरात्रात कळसूबाई देवीच्या दर्शनाला पंचक्रोशीतली माणसं लोटतात, तेव्हा तर डोंगर त्यांचा असतो.

सामानाचं लवकर उरकू. सॅकचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे ४० किलोच्या मुलाला ४ किलो. त्यातले २ किलो दोन लिटर पाण्याचेच झाले. उरलेल्यात डबा, स्वेटर, टोपी, छोटा टॉवेल. जीन्स नको. बूट नवे असतील तर ते जिन्याच्या सरावालाच घालायला सुरुवात करा, सहलीच्या दिवशी पहिल्यांदा नको. आदल्या दिवशी पायाची नखं कापून घ्यायची, नाहीतर उतरताना बुटात अंगठे ठेचतात. अत्तर आणि सुगंधी स्प्रे घरीच ठेवा. सह्याद्रीत कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच पूर्ण विरघळवायचं, कमी पाण्यात दाट करून द्यायचं नाही.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत बारीत पोचा आणि ती संध्याकाळ खेळासाठी ठेवा. इथे एक आग्रह: शहरातली शाळा विरुद्ध गावातली मुलं असा सामना लावू नका. निम्मे तुमचे, निम्मे गावचे असे मिश्र संघ करा, खो-खो किंवा लंगडी खेळा, आणि नियम सांगण्याचं काम गावातल्या एखाद्या मोठ्या मुलीला द्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. हे खेळाआधी सांगा, मुलं वेगळ्याच जोमाने पळतात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, अशाच डोंगरवाटांवर वाढलेली. गावातली मुलं रोज ज्या चढावर सहज वावरतात तो आपल्याला सहा आठवडे शिकावा लागला, हे तुमच्या विद्यार्थ्यांच्या आपोआप लक्षात येईल. भाषण देऊ नका. रात्री गावातल्या घरांतून जेवण सांगा: नागलीची भाकरी, पिठलं, वरण-भात. त्यातून चार पैसे गावात राहतात. साडेनऊला दिवे बंद. भुतांच्या गोष्टी रंगल्या तर जागरण होतं आणि त्याचा त्रास सकाळी शिड्यांवर होतो.

सकाळी उजाडताच, सातच्या सुमारास निघा. निघण्याआधी दहा मिनिटं घोटे, गुडघे, कंबर मोकळी करून घ्या. सगळ्यात पुढे गावातला वाटाड्या, त्याच्या लगेच मागे सरावात सगळ्यात हळू असलेली तीन-चार मुलं. संपूर्ण रांग त्यांच्या वेगाने चालेल. दणकट मुलं मागे ठेवा, त्यांना जादा पाणी आणि दोर द्या, जबाबदारी मिळाली की ती तक्रार करत नाहीत. शेवटी एक शिक्षक, ज्याच्या मागे कोणीच असता कामा नये. दहा मुलांमागे एक मोठं माणूस. तासाला एकदा पाच मिनिटं थांबा आणि प्रत्येक थांब्यावर मोजणी करा. शाळेच्या गटाला माथा गाठायला साडेतीन-चार तास लागतात. बारा वाजता जिथे असाल तिथून परत फिरायचं हे मुलांना आणि पालकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे वर गेल्यावर वाद होत नाही.

जी मुलं चढणार नाहीत त्यांची नावं यादीच्या तळाशी ‘इतर’ म्हणून टाकू नका. सहा आठवडे त्यांनीही जिना त्यांच्या परीने केलेला असतो. एका शिक्षकाबरोबर ती पहिल्या सपाटीपर्यंत जातील, वरच्या गटाच्या वेळा नोंदवतील, मग गावातल्या शाळेच्या मैदानावर दुपारच्या लगोरीची आखणी करतील.

अडचणीच्या वेळेसाठी १०८ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येकाला पाठ हवेत, पण डोंगरात रेंजचा भरवसा धरू नका. वाटाड्याला आधीच विचारा की रेंज कुठे मिळते, आणि खाली एक गाडी चालकासह थांबवून ठेवा. राजूर आणि घोटी इथल्या ग्रामीण रुग्णालयांचे फोन आठवडाभर आधी लावून बघा, सर्पदंशावरचं प्रतिविष (विष उतरवणारं इंजेक्शन) आहे का तेही विचारा. साप चावल्यास पाय आवळून बांधायचा नाही, चिरा द्यायचा नाही, मुलाला न चालवता उचलून खाली आणायचं. हे सगळ्या शिक्षकांनी सरावात एकदा करून बघावं, नुसतं ऐकून ठेवू नये.

परतल्यावर पहिला पीटीचा तास मोकळा सोडू नका. मैदानाला चार सावकाश फेऱ्या, पोटऱ्या आणि मांड्यांना ताण, फोड आलेले पाय तपासणं. त्याच आठवड्यात जिन्याच्या फेऱ्या पुन्हा सुरू करा, या वेळी दहाच, आणि पुढच्या वर्षी रतनगडला कोणाला यायचंय त्यांची नावं लिहून घ्या.