ड्राफ्ट संपल्यानंतर: अमेरिकेतील कॉलेज बचावपटूने व्यावसायिक करारापर्यंत कसे पोहोचावे

अमेरिकेच्या महिला फुटबॉलमधील नॅशनल विमेन्स सॉकर लीगमध्ये, म्हणजे एनडब्ल्यूएसएलमध्ये, 2024 पर्यंत कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंची निवड ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या पद्धतीने, होत असे आणि कोणत्या शहरात खेळायचे हे क्लब ठरवत असत. खेळाडू संघटनेशी 2024 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या करारानंतर ड्राफ्ट बंद झाला आणि आता प्रत्येक खेळाडू कोणत्याही क्लबशी स्वतः बोलणी करू शकते. हा बदल न्याय्यच आहे. मात्र आपली योग्यता क्लबच्या नजरेस आणून देण्याचे काम त्यामुळे खेळाडूकडे आले आहे. बचावपटूसाठी ते अधिक कठीण असते, कारण आघाडीच्या खेळाडूचे गोल आकडेवारीत दिसतात, पण वेळीच दोन पावले मागे सरकून जो पास देण्याचा विचारच प्रतिस्पर्ध्याला सोडावा लागला, त्याची नोंद कुठेही होत नाही.

म्हणूनच निवडक टॅकलची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावण्याच्या क्षणांची, तीन मिनिटांची चित्रफीत पाठवून थांबू नये. जमिनीवर घसरून केलेला टॅकल दिसायला नेत्रदीपक असतो, परंतु अनेकदा तो आधी चुकलेल्या जागेची भरपाई असतो आणि अनुभवी प्रशिक्षकाला हे लगेच कळते. दोन-तीन पूर्ण सामने द्यावेत, त्यांत बलाढ्य संघाविरुद्धचा एक असावा, हरलेला असला तरी चालेल. चित्रीकरण उंचावरून आणि संपूर्ण बचावफळी दिसेल असे हवे, कारण चेंडू दुसऱ्या बाजूला असताना सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणारी बचावपटू, कुठे उभी राहते, सहकाऱ्यांना कशी हाक देते आणि चेंडू मिळण्याआधी किती वेळा मान वळवून पाहते, यावरच तिची पारख होते. दडपणाखाली दोन्ही पायांनी पुढे पास देण्याची क्षमताही त्यात दिसली पाहिजे.

कॉलेज फुटबॉलची एक उणीव लक्षात ठेवावी. तेथे बदलून बाहेर गेलेली खेळाडू ठरावीक मर्यादेत पुन्हा मैदानात येऊ शकते, व्यावसायिक सामन्यात येऊ शकत नाही. त्यामुळे नव्वद मिनिटे एकाग्रता टिकवण्याची सवय मुद्दाम लावावी लागते. उन्हाळ्यात, कॉलेज संघाकडून खेळण्याची पात्रता न गमावता, 2022 मध्ये सुरू झालेल्या यूएसएल डब्ल्यू लीगमध्ये खेळणे हा त्यासाठी उत्तम सराव आहे.

शरीराची काळजी हा स्वतंत्र विषय आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाला 2019 चे राष्ट्रीय कॉलेज विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघातील बचावपटू नाओमी गिर्मा हिच्या गुडघ्यातील अस्थिबंध 2020 मध्ये तुटला. तरीही 2022 मध्ये एनडब्ल्यूएसएलमधील सॅन दिएगो वेव्ह या क्लबकडून पहिल्याच हंगामात ती सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम बचावपटू ठरली. महिलांमध्ये या दुखापतीचा धोका पुरुषांपेक्षा अधिक असल्याने फिफाचा सुमारे वीस मिनिटांचा ‘11+’ व्यायामक्रम प्रत्येक सरावाआधी करावा. कंटाळा आला तरी तो टाळू नये.

कॉलेजचा हंगाम डिसेंबरमध्ये संपतो आणि क्लबची पूर्वतयारी नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच सुरू होते, त्यामुळे प्रत्यक्ष बोलणीसाठी फारच थोडे आठवडे मिळतात. व्यावसायिक कराराच्या बोलणीसाठी एजंटशी करार केल्यास पात्रता संपू शकते, म्हणून शेवटच्या सामन्याआधी कशावरही सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या नियमविषयक अधिकाऱ्यांशी बोलावे.

क्लब निवडताना माझ्या मते पैशांपेक्षा मैदानावरची मिनिटे आधी मोजावीत. लीगचे किमान वार्षिक वेतन 2025 मध्ये 48,500 डॉलर होते आणि ते 2030 पर्यंत 82,500 डॉलरपर्यंत वाढणार आहे. पण क्लबकडे दीर्घ करार असलेल्या तीन अनुभवी सेंटर बॅक असतील, तर नवोदित खेळाडूचे वर्ष बाकावरच जाण्याची शक्यता असते. अशा वेळी 2024 मध्ये सुरू झालेली अमेरिकेतील दुसरी व्यावसायिक महिला लीग, यूएसएल सुपर लीग, किंवा युरोप यांचा गांभीर्याने विचार करावा. पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळलेली बचावपटू अली क्रीगर 2007 मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टला गेली, तेथे युरोपीय विजेतेपद मिळवले आणि पुढे अमेरिकेसाठी दोन विश्वचषक जिंकले. करारावर सही करण्याआधी प्रशिक्षकांना थेट विचारावे: बचावफळी किती पुढे उभी करता, मला कोणत्या जागेवर पाहता आणि संघात स्थान मिळाले नाही तर दुसऱ्या क्लबकडे तात्पुरते खेळायला पाठवाल का? उत्तरे मोघम असतील, तर दुसऱ्या क्लबशी बोलणी सुरू ठेवावीत.