बांगलादेशी मित्राला परदेशात शिकायला जायचंय? त्याचा अर्ज कसा भरायचा

जर्मनीत शिकत असताना हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात माझ्या शेजारच्या शेगडीवर मयमनसिंहचा एक मुलगा स्वयंपाक करायचा. एका रात्री मसुरीच्या डाळीला फोडणी देता देता त्याने विचारलं, "भाई, धाकट्या भावाला इथे मास्टर्सला यायचंय. कुठून सुरुवात करू?" मी लगेच सांगितलं, "आधी एपीएस करून घ्या." त्यांनी आठवडाभर चौकशी केली. मग कळलं की बांगलादेशी विद्यार्थ्यांना एपीएस लागतच नाही. कागदपत्रांच्या पडताळणीची ती अट जर्मनीने 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना लावली आहे. मी माझा अनुभव जसाच्या तसा त्यांच्या गळ्यात घातला होता.

पुढे त्या भावाचा अर्ज आम्ही तिघांनी मिळून भरला आणि नंतर आणखी चार-पाच जणांचे. परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना असे प्रश्न हमखास येतात. लॅबमध्ये, हॉस्टेलवर, पार्टटाइम नोकरीत शेजारी कोणीतरी ढाक्याचं नाहीतर सिल्हेटचं असतंच. दिसायला सगळं आपल्यासारखं असतं, दहावी-बारावीला तीच एसएससी आणि एचएससी ही नावं. पण त्यांची वाट मोक्याच्या ठिकाणी वेगळी वळण घेते. ती वळणं ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने इथे मांडतोय. सप्टेंबरमध्ये कोर्स सुरू होणार असेल, तर कामाला आदल्या वर्षीच्या मार्चपासून लागावं.

पायरी पहिली: नाव

विद्यापीठांची यादी नंतर करा. आधी एसएससीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, राष्ट्रीय ओळखपत्र आणि जन्मनोंदणीचा दाखला टेबलावर शेजारी शेजारी मांडायला सांगा आणि अक्षरन् अक्षर ताडून पाहा. बांगलादेशात असंख्य मुलांच्या नावाआधी 'मोहम्मद' असतं. ते एका कागदावर 'एमडी' अशा दोन अक्षरांत, पुढे टिंब देऊन, दुसऱ्यावर टिंबाशिवाय आणि तिसऱ्यावर पूर्ण लिहिलेलं सापडतं. मुलींच्या बाबतीत एका कागदावर 'अख्तर' किंवा 'खातून' असतं आणि दुसऱ्यावरून ते गायब असतं. आडनाव म्हणून घराण्याचं एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवायची आपल्यासारखी पद्धत तिकडे सरसकट नाही. त्यामुळे वडिलांच्या आणि मुलाच्या नावात एकही शब्द समान नसणं अगदी नेहमीचं आहे. आपल्याला ते चुकल्यासारखं वाटतं, पण ते चुकलेलं नसतं.

आमच्या त्या धाकट्या भावाच्या एसएससी प्रमाणपत्रावर आईच्या नावाचं स्पेलिंग एक होतं आणि आईच्या ओळखपत्रावर दुसरं. खर्चाची हमी आईच देणार होती, म्हणजे हा फरक पुढे बँकेत आणि दूतावासात दोन्हीकडे अडला असता. बोर्डाच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती हे महिन्यांचं काम आहे, म्हणून ते पहिलं. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, बोर्डाकडे अर्ज, सगळं आलं. पासपोर्ट अजून काढायचा असेल तर काम सोपं होतं. एसएससीच्या प्रमाणपत्रावर जसं नाव आहे तसाच तो काढावा आणि घेताना दहा वर्षांच्या मुदतीचा ई-पासपोर्टच घ्यावा. त्यानंतर आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेपासून व्हिसापर्यंत प्रत्येक फॉर्मवर नाव पासपोर्टवर जिथे तोडलंय तिथेच तोडायचं. स्वतःच्या मनाने 'आडनाव' ठरवायचं नाही.

पायरी दुसरी: देश निवडताना दूतावास कुठे आहे ते बघा

हा प्रश्न मराठी मुलांच्या डोक्यातही येत नाही, कारण मुंबई-पुण्यात व्हिसा केंद्रं हाताशी आहेत. बांगलादेशी विद्यार्थ्याला मात्र काही युरोपीय देशांच्या व्हिसासाठी दिल्लीला यावं लागतं. फिनलंडचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी आहे. मध्य आणि पूर्व युरोपातल्या अनेक देशांचंही तसंच. म्हणजे परदेशाच्या व्हिसासाठी आधी भारताचा व्हिसा! 5 ऑगस्ट 2024 ला ढाक्यात सत्तांतर झालं, भारतीय व्हिसा केंद्रांचं काम थांबलं आणि मग मर्यादित स्वरूपात सुरू झालं. प्रवेशपत्र हातात असलेली मुलं तेव्हा अधांतरी राहिली. त्या डिसेंबरात तिथल्या हंगामी सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस यांनी युरोपीय मुत्सद्द्यांना व्हिसा केंद्रं दिल्लीहून ढाक्याला किंवा शेजारच्या दुसऱ्या देशात हलवण्याची विनंती केली होती. त्यावरून अडचण किती मोठी होती याची कल्पना यावी.

म्हणून देशांची यादी करताना प्रत्येक नावापुढे लिहा: मुलाखत कुठे, बोटांचे ठसे कुठे, भेटीची वेळ मिळायला किती थांबावं लागतं. जर्मनीचा दूतावास ढाक्यातच आहे, पण विद्यार्थी व्हिसाची प्रतीक्षायादी इतकी लांब असते की प्रवेशपत्राची वाट पाहत बसलं तर सेमिस्टर हातचं जातं. नाव नोंदवण्याचे चालू नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर आधीच वाचावेत आणि परवानगी असेल त्या पहिल्याच दिवशी नाव टाकावं.

पायरी तिसरी: गुण जसे आहेत तसेच लिहा

एसएससी-एचएससीला त्यांच्याकडे 5 पैकी जीपीए असतो आणि विद्यापीठात 4 पैकी सीजीपीए. आपल्याला दहाच्या मापाची सवय, त्यामुळे मदत करणारा मराठी मित्र पटकन गुणाकार करायला बसतो. तसं करू नका. 3.40 असेल तर '4.00 पैकी 3.40' एवढंच लिहा.

जर्मन विद्यापीठं हा आकडा आपल्या मापात बदलतात, तिथे एक बारीक गोष्ट आहे. त्यांच्या सूत्रात सर्वोच्च गुण, मिळालेले गुण आणि उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे किमान गुण, असे तीन आकडे लागतात. सर्वोच्च 4.00 मधून मिळालेले 3.40 वजा केले की उरतात 0.60. किमान 2.00 धरलं तर 0.60 ला 2.00 ने भागा, 3 ने गुणा आणि 1 मिळवा, उत्तर 1.9. पण त्या विद्यापीठात पदवीसाठी किमान 2.25 लागत असेल तर तोच विद्यार्थी 2.03 वर जातो. जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला आणि काही कोर्सची मर्यादा नेमकी 2.0 च्या आसपास असते. ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे विद्यापीठाच्या विषयवार गुणपत्रकाच्या, पाठीमागे ग्रेडचा तक्ता छापलेला असतो. ते पानही स्कॅन करून जोडायचं, नाहीतर तपासणारा आपल्या अंदाजाने किमान आकडा धरतो.

पदवीच्या वर्षांबाबत त्यांची बाजू आपल्यापेक्षा बरी आहे. ऑनर्सची पदवी चार वर्षांची असते, त्यामुळे सोळा वर्षांच्या शिक्षणाची अट सहज पूर्ण होते. आपल्या तीन वर्षांच्या बीएस्सीवाल्यांना जो 'एक वर्ष कमी पडतंय' हा घोर असतो, तो त्यांना लावू नका. तीन वर्षांचा 'पास कोर्स' केला असेल तेवढ्यांनीच वेगळा विचार करायचा.

आणि 2020 च्या एचएससी बॅचबद्दल. करोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. जेएससी (आठवीची बोर्ड परीक्षा) आणि एसएससीच्या निकालांवरून गुण दिले गेले. 2024 ला आंदोलनानंतर उरलेले पेपर रद्द झाले आणि त्या विषयांचे गुण एसएससीवरून काढले गेले. या दोन्ही बॅचच्या मुलांनी अर्जातल्या 'अधिक माहिती'च्या रकान्यात दोन सरळ वाक्यांत हे लिहावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, निर्णय सरकारचा होता.

पायरी चौथी: इंग्रजी आणि बाकीचे कागद

आयईएल्टीएस आणि टोफेलचा निकाल दोन वर्षं चालतो, जीआरई या प्रवेशपरीक्षेचा पाच. शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा दाखला काही विद्यापीठांना चालतो, पण व्हिसाच्या वेळी तो पुरेल असं गृहीत धरू नये. परीक्षा द्यावी हे बरं.

ट्रान्सक्रिप्टचं मात्र नीट नियोजन हवं. शिक्षण नॅशनल युनिव्हर्सिटीशी संलग्न कॉलेजात झालं असेल तर कागद कॉलेजातून मिळत नाहीत, गाझीपूरच्या मुख्य कार्यालयातून काढावे लागतात. रंगपूर नाहीतर बरिशालच्या मुलाला त्यासाठी प्रवास आणि मुक्काम आला. म्हणून एकाच फेरीत पाच-सहा सीलबंद लिफाफे मागून घ्यावेत. लिफाफा चिकटवलेल्या कडेवर सही आणि शिक्का असा पडला पाहिजे की अर्धा झाकणावर, अर्धा खालच्या कागदावर. तिथेच, काउंटर सोडण्याआधी, उलटून पाहावा. शिक्का नुसता झाकणावर असलेला लिफाफा परत आल्याचं मी पाहिलंय.

बांगलादेशात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. युरोपातलं विद्यापीठ शनिवार-रविवार बंद. दोन्हीकडची कार्यालयं एकाच वेळी उघडी असतात ते सोमवार ते गुरुवार, चारच दिवस. शेवटची तारीख शुक्रवारी असेल तर कॉलेजकडून लागणारं सगळं गुरुवारच्या आत.

शिफारसपत्रं, उद्देशपत्र यांवर मी फार लिहीत नाही, ते सगळ्यांना सारखंच. फक्त एक. अमेरिकेत पीएचडी करायची तर ढाक्याची मुलं म्हणतात, 'प्रोफेसर मॅनेज करायचा'. म्हणजे आधी ईमेल करून प्राध्यापकाची आणि निधीची सोय पाहायची. यात गैर काही नाही. मात्र एकच मजकूर दोनशे जणांना पाठवू नये. दहा जणांना लिहावं आणि प्रत्येकाचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचून लिहावं.

पायरी पाचवी: शिष्यवृत्ती, आणि तिचं दार कुठून

इरॅस्मस मुंडुस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीला थेट कोर्सकडे अर्ज जातो आणि बांगलादेशी विद्यार्थी तिथे दरवर्षी मोठ्या संख्येने निवडले जातात, तेव्हा बिचकू नये. हंगेरी सरकारच्या स्टिपेंडियम हंगेरिकमसाठी दोन अर्ज लागतात, एक हंगेरीच्या पोर्टलवर आणि दुसरा बांगलादेशच्या शिक्षण मंत्रालयाकडे. दुसरा राहिला तर पहिला वाया. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. भारतात यायचं असेल तर आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती आहे, परिषदेचं एक कार्यालय पुण्यातही आहे.

पायरी सहावी: शिक्के

प्रमाणपत्रांच्या प्रमाणीकरणाची जुनी साखळी अशी: शिक्षण बोर्ड किंवा विद्यापीठ, मग शिक्षण मंत्रालय, मग सेगुनबागिच्यातलं परराष्ट्र मंत्रालय, मग संबंधित देशाचा दूतावास. 30 मार्च 2025 पासून बांगलादेश अपोस्टिल करारात आला, म्हणजे दूतावासाच्या शिक्क्याऐवजी आपल्याच देशाचा एक शिक्का सदस्य देशांत चालतो. भारत त्यात 2005 पासून आहे, म्हणून आपण सहज सांगतो, 'अपोस्टिल कर, झालं!' पण नव्याने आलेल्या देशाचं अपोस्टिल नाकारण्याची मुभा आधीच्या सदस्यांना असते. ज्या देशात जायचंय तो बांगलादेशचं अपोस्टिल मानतो का, हे हेग परिषदेच्या संकेतस्थळावरच्या तक्त्यात पाहून मगच रांगेत उभं राहावं.

पायरी सातवी: पैसा

इथे आपला अनुभव सर्वांत कमी उपयोगी पडतो. भारतातून माणूस वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतो. बांगलादेशात परकीय चलनावर कडक नियंत्रण आहे. अर्जाचं शुल्क, परीक्षेचं शुल्क असल्या खर्चासाठी दुहेरी चलनाचं कार्ड घ्यावं लागतं आणि त्यासाठी बँक पासपोर्टच्या पानावर डॉलरची रक्कम लिहून शिक्का मारते. म्हणजे पासपोर्ट नसेल तर अर्जाची फीसुद्धा भरता येत नाही! पासपोर्टवर अशी लिहिलेली रक्कम 'प्रवासाच्या कोट्या'त मोजतात, त्याची मर्यादा वर्षाला 12,000 डॉलर आहे.

विद्यापीठाची फी आणि राहण्याचा खर्च पाठवायला 'स्टुडंट फाइल' उघडावी लागते. हा शब्द लक्षात ठेवा, त्यांच्या सगळ्या बोलण्यात तो येतो. परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेतच ती उघडते, गल्लीतल्या कुठल्याही शाखेत नाही. प्रवेशपत्र, विद्यापीठाने दिलेला खर्चाचा अंदाज, पासपोर्ट आणि शैक्षणिक कागद लागतात. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटचे (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे 11,904 युरोही याच वाटेने जातात. डॉलरची चणचण असली की बँका नवी फाइल उघडायला नाखूश असतात, म्हणून प्रवेशपत्र आल्याच्या आठवड्यातच दोन-तीन बँकांत चौकशी करावी.

ब्रिटनला जाणाऱ्याने आणखी एक बघावं. ठरलेली रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते आणि ते खातं विद्यार्थ्याचं, आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचंच हवं. आखातात असलेला मामा किंवा थोरला भाऊ खर्च करणार असतो, हे कितीतरी घरांत होतं. त्याचं खातं दाखवून चालत नाही. त्याने पैसे वेळेवर आईवडिलांच्या खात्यात टाकावेत, आणि ते कुठून आले याचा कागद ठेवावा. जमिनीचे उतारे, मूल्यांकन यांची भेंडोळी जोडून काही साधत नाही.

पायरी आठवी: व्हिसा आणि निघताना

ब्रिटनसाठी क्षयरोगाची तपासणी आयओएमच्या (आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना) केंद्रात करावी लागते, तिचा दाखला सहा महिने चालतो. अमेरिकेची मुलाखत ढाक्यात बारिधाराला होते. पोलिस क्लिअरन्स लागणार असेल तर ऑनलाइन अर्ज आधी करावा, पत्त्याची चौकशी गावातल्या ठाण्यातून होते आणि तिला वेळ लागतो.

कुठल्याही कन्सल्टन्सीला मूळ प्रमाणपत्रं ठेवायला देऊ नयेत. एका मुलीची अशी चार महिने अडकून पडली होती, फी पूर्ण भरल्याशिवाय परत देईनात. तिचं एक सेमिस्टर त्यात गेलं. अर्जाच्या पोर्टलचा पासवर्ड आणि ईमेलही विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच हातात हवा, प्रवेशाचं पत्र तिथेच येतं.

मूळ कागद विमानात हातातल्या पिशवीत घ्यावेत. गाझीपूरहून आणलेल्या लिफाफ्यांपैकी एक न उघडता सोबत ठेवावा, नोंदणीच्या दिवशी विद्यापीठ तो मागू शकतं. आणि जन्मनोंदणीचा सतरा आकडी क्रमांक असलेला इंग्रजी दाखला घरी विसरू नये, नंतर तो मागवायला घरच्यांना पुन्हा धावपळ करावी लागते.