फ्यूज वायरसाठी असतो, दिव्यासाठी नाही

गाडीला जादा दिवे लावताना बहुतेक जण फ्यूज दिव्याकडे बघून निवडतात. खरं तर फ्यूज राखतो तो वायरला. वायर तापून तिचं आवरण वितळायच्या आत त्याने उडायला हवं.

आधी हिशोब करा. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. भागिले १२ व्होल्ट, साधारण ९ अँपिअर. याला १५ अँपिअरचा (निळा) फ्यूज बरोबर. वायर १.५ चौरस मिलिमीटरची चालते, पण लांबी विसरू नका. चार मीटर वायरीत जवळजवळ ०.४ व्होल्ट वाटेतच जातात आणि हॅलोजनचा उजेड तेवढ्यानेही जाणवण्याइतका मंदावतो. २.५ ची घेतली तर ही गळती पाव व्होल्टवर येते. मी तर लांब पल्ल्याला सरळ २.५ चीच ओढतो.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका चांगला. बॅटरी ते फ्यूज हा वायरचा तुकडा बेवारस असतो, त्याला राखायला फ्यूज नसतो. तो बॉडीला घासला की आगच.

आणि फ्यूज सारखा उडतोय म्हणून १५ च्या जागी ३० चा हिरवा बसवू नका. आधी सोललेली वायर शोधा.