शेतावर परभक्षी कोळी वाढवताना या चुका टाळा

मोहाडी-जानोरीकडचा गुलाब असो की निफाडची द्राक्षबाग, पानांतला रस शोषणारी लाल कोळी ही बारीक कीड दिसली की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. एकच कोळीनाशक पुन्हा पुन्हा मारलं की लाल कोळी त्याला दाद देईनासा होतो. निओसियुलस लाँगीस्पायनोसस हा परभक्षी कोळी आपल्याच देशातला आहे, लाल कोळ्याला खाऊन जगतो आणि घेवड्याच्या रोपांवर आधी लाल कोळी वाढवून, त्याच खाद्यावर वाढवता येतो. तरीही बरेच जण थोड्याच दिवसांत नाद सोडतात, याचं वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा बिघाड परभक्षीत नसतो, त्याच्या खाद्यात असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लाल कोळी आणि परभक्षी एकाच खोलीत वाढवणं. लाल कोळ्याच्या रोपांवर परभक्षीच्या दोन-चार माद्या पोचल्या तरी त्या तिथेच अंडी घालतात आणि बघता बघता खाद्याचा साठा संपतो. मग दोन्हीकडे उपासमार. म्हणून खोल्या वेगळ्या ठेवा, जमलं तर एकमेकींपासून लांब. रोज सकाळी आधी लाल कोळ्याचं काम उरका, नंतर परभक्षीच्या खोलीत जा. त्या दिवशी पुन्हा उलट फिरू नका, कारण परभक्षी कपड्यांवरून आणि हातांवरून जातो. ब्रश आणि ट्रेही वेगळे हवेत. आठवड्यातून एकदा लाल कोळ्याची पानं भिंगाखाली बघा. गोल अंड्यांमध्ये मोठं, लांबट अंडं दिसलं किंवा नासपतीच्या आकाराचा, डाग नसलेला, भरभर पळणारा कोळी दिसला, तर तो ट्रे लगेच परभक्षीच्या खोलीत हलवा.

परभक्षी ट्रेच्या काठावर घुटमळत असतील तर खाद्य संपलंय. नवी रोपं द्या किंवा त्याच दिवशी पिकात सोडा. उपाशी ठेवले की ते एकमेकांची अंडी-पिल्लं खातात.

अंडी सुकून चपटी होत असतील तर हवा कोरडी आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हे हमखास होतं. ओली गोणपाटं टांगा, ट्रेखाली पाणी ठेवा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, तापमान २५ ते २८ अंश ठेवा.

घेवडा पिवळा पडून बसतो, कारण लाल कोळी फार लवकर सोडलेला असतो. पहिली पानं नीट उमलू द्या. रंगीत, औषध लावलेलं बियाणं टाळाच.

शेतात परभक्षी सोडताना लाल कोळी पानांवर जाळी धरेपर्यंत थांबू नका. पानांवर तुरळक लाल कोळी असतानाच संध्याकाळी परभक्षी असलेली पानं झाडांवर ठेवा. त्याआधीच्या फवारण्या मात्र आठवून बघा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांचा अंश पानावर कित्येक आठवडे राहतो आणि परभक्षीला मारतो. भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक मारत असाल तर तेही त्याला बाधू शकतं, म्हणून सोडण्याची तारीख फवारणीच्या वहीत बघूनच ठरवा.