खाऱ्या वेफर्सच्या पाकिटावरचे आकडे कसे वाचावेत

पाकीट उलटं करा आणि आधी 'प्रति 100 ग्रॅम'चा रकाना वाचा. 'प्रति सर्व्हिंग'चे आकडे साधारण 25-30 ग्रॅमचे असतात, म्हणून ते गोंडस दिसतात.

साध्या खाऱ्या बटाटा वेफर्समध्ये 100 ग्रॅमला सुमारे 530 ते 550 किलोकॅलरी, 35 ग्रॅमच्या आसपास फॅट, 50 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि 6-7 ग्रॅम प्रथिनं असतात. एक ग्रॅम फॅट 9 किलोकॅलरी देतं, म्हणून फॅटच्या ग्रॅमला 9 ने गुणा: 35 × 9 = 315. निम्म्याहून जास्त कॅलरी नुसत्या तेलाच्या! तेवढाच उकडलेला बटाटा 90 किलोकॅलरीही देत नाही. कच्च्या बटाट्यात जवळपास 80 टक्के पाणी असतं. तळताना ते वाफ होऊन उडतं आणि त्या जागी तेल शिरतं.

हे तेल कोणतं, ते घटकांच्या यादीत बघा. पामतेलात जवळपास निम्मं फॅट संपृक्त (सॅच्युरेटेड, म्हणजे हृदयाला त्रासदायक मानलं जाणारं) असतं, सूर्यफूल तेलात दहावा हिस्सा. म्हणजे एकूण फॅट तेवढंच असलेल्या दोन पाकिटांत संपृक्त फॅट एकात 15 ग्रॅम, तर दुसऱ्यात 4 असू शकतं.

आता मीठ. तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला 2.5 ने गुणलं की मीठ कळतं. 100 ग्रॅमला 500 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सव्वा ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आहे. त्या हिशेबाने 30 ग्रॅम वेफर्समधलं मीठ फार नाही. ते वरच भुरभुरलेलं असतं, म्हणून जिभेला जास्त लागतं. दोष मिठाला दिला जातो, पण खरा भार तेलाचा आहे. मसालेदार प्रकारांत मात्र सोडियम बरंच वाढतं. 'बेक्ड' लिहिलेल्यात तेल कमी असतं. सोडियम कमी असेलच असं नाही.

मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल, तर वेफर्समध्ये ते 100 ग्रॅमला 1000 मिलिग्रॅमच्या वर जातं हे लक्षात ठेवा. तक्त्यात ते बऱ्याचदा छापलेलं नसतं.

एकदा काट्यावर 30 ग्रॅम वाटीत मोजून बघा, म्हणजे अंदाज बसेल. मग पाकीट बंद करूनच खायला बसा. एवढ्यात प्रथिनं जेमतेम 2 ग्रॅम, त्यामुळे लवकरच पुन्हा भूक लागते. सोबत दही किंवा उकडलेलं अंडं घ्या. गडद तपकिरी काप बाजूला काढा, त्यांत अ‍ॅक्रिलामाइड (जास्त तापमानात तळताना तयार होणारं घातक रसायन) जास्त असतं.