टोमॅटोच्या वाफ्यात बेसिल

बेसिल (स्वयंपाकात वापरतात ती परदेशी तुळस) लावलं की टोमॅटोला कीड लागतच नाही, हा समज आधी सोडून द्या. बेसिलच्या उग्र वासामुळे पांढरी माशी आणि फुलकिडे यांना टोमॅटो हुडकणं जड जातं, त्यामुळे त्यांचा जोर ओसरतो. तेवढ्यासाठीही ते लावण्यासारखं आहे. टोमॅटोची चव सुधारते असंही ऐकायला मिळेल. त्या आशेवर मात्र लावू नका.

बेसिलचं बी अर्धा सेंमी खोल पेरा. 20 ते 25 अंश तापमानात ते साधारण आठवडाभरात उगवतं. चार ते सहा खरी पानं (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन बीजपानांनंतरची) आली की रोप वाफ्यात हलवा.

सगळ्यात जास्त चुकतं ते अंतर. टोमॅटोच्या दोन रोपांमध्ये 60 सेंमी ठेवा आणि बेसिल टोमॅटोच्या खोडापासून 25 ते 30 सेंमीवर, ऊन येतं त्या बाजूला लावा. टोमॅटोच्या सावलीत सापडलेलं बेसिल नुसतं उंच वाढतं, पानं विरळ होतात, वासही मंदावतो. मग किडींना त्याचा काही अडथळा राहत नाही. टोमॅटो वाढला की जमिनीपासून 30 सेंमीपर्यंतची पानं काढून टाका, म्हणजे खालच्या बेसिलला उजेड आणि वारा दोन्ही मिळतात.

बेसिलचं रोप 15 सेंमीचं झालं की खालच्या पानांच्या दोन-तीन जोड्या ठेवून शेंडा खुडा. जोडीच्या जरा वर खुडलं की तिथून दोन फांद्या फुटतात. पुढेही तुरा दिसला की काढा, कारण फुलोरा आला की पानांचा स्वाद उतरतो. चारातलं एखादं झाड मात्र खुशाल फुलू द्या. त्या फुलांवर मधमाश्या तर येतातच, शिवाय सिरफिड माश्याही येतात, आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात.

पाणी सकाळी, बुंध्याशी द्या. दाटी झाली आणि पानं ओली राहिली की केवडा हा रोग येतो: पान वरून पिवळं पडतं, खालून करडी बुरशी दिसते. असं झाड लगेच उपटून वाफ्याबाहेर टाका. नत्रखताचा मारा केला तर पाला भरपूर येतो, पण वास कमी.

ढोबळी मिरची आणि वांग्याशीही बेसिलचं जमतं, कारण तिघांनाही ऊब आणि सारखा ओलावा लागतो. रोझमेरी, थाइम यांना कोरडी माती हवी; ती वेगळ्या वाफ्यात लावा. पारा 10 अंशांच्या खाली जाणार असेल, तर आदल्या दिवशीच बेसिलची पानं काढून घ्या. थंडीने ती काळी पडतात.