तळटिपेचा अंक पूर्णविरामाआधी की नंतर? अक्षरजुळणी शिकणाऱ्यांसाठी

प्रबंध किंवा संशोधनग्रंथाची जुळणी हाती घेतली की हा प्रश्न पहिल्याच पानावर येतो. इंग्रजी ग्रंथनिर्मितीत अंक साधारणपणे विरामचिन्हानंतर येतो, तर फ्रेंचमध्ये आधी. जर्मनमध्ये टीप कशाला लागू आहे ते पाहतात. ती सबंध वाक्याची असेल तर अंक पूर्णविरामानंतर येतो आणि शेवटच्या शब्दापुरती असेल तर त्या शब्दाला चिकटून, पूर्णविरामाआधी. मराठी पुस्तकांत दोन्ही प्रकार दिसतात. म्हणून काम सुरू करण्याआधी प्रकाशकाची किंवा विद्यापीठाची नियमावली मागून घ्या. ती नसेल तर अंक विरामचिन्हानंतर ठेवा.

देवनागरीत या निवडीला एक ठोस कारणही आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं: आहे, होते, नाही, केली. म्हणजे शेवटच्या अक्षरावर मात्रा किंवा वेलांटी असण्याची शक्यता फार. वर चढवलेला अंक नेमका त्याच उंचीवर बसतो आणि दोन्ही एकमेकांना भिडतात. अनुस्वार आणि रफार यांच्याबाबतीतही तेच. मधे पूर्णविराम आला की तेवढी मोकळी जागा आपोआप मिळते. वाक्याच्या मधल्या शब्दाला टीप द्यावीच लागली, तर अंक आणि अक्षर यांतलं अंतर किंचित वाढवा, पण स्पेस टाकू नका. स्पेस टाकली की ओळ तिथे तुटू शकते आणि एकटा अंक पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो.

पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह या सगळ्यांना 'नंतर'चा नियम लागू होतो. अवतरण संपत असेल तर पूर्णविराम आणि अवतरणचिन्ह दोन्ही झाल्यावर अंक. अपवाद दोन. अपसारणचिन्ह, म्हणजे लांब आडवी रेघ, आली तर अंक तिच्या आधी. आणि टीप फक्त कंसातल्या मजकुराची असेल तर अंक कंस बंद होण्याआधी, नाहीतर कंसाबाहेर. हा दुसरा अपवाद लेखकाला विचारल्याशिवाय सोडवू नका; टीप वाचूनही बऱ्याचदा कळत नाही.

आकड्याला लागून टीप कधीच देऊ नका. '२५' वर चढवलेला '३' हा घन वाटतो, आणि सूत्रांत तर अर्थच बदलतो. अंक वाक्याच्या शेवटी न्या. तक्त्यांत आकडेच आकडे असतात, तिथे *, †, ‡ ही चिन्हं वापरा आणि टीप पानाच्या तळाशी न देता तक्त्याखालीच द्या. एकाच जागी दोन टिपा आल्या तर त्या एकत्र करायला लेखकाला सांगा. तसं जमत नसेल तर दोन अंकांमध्ये स्वल्पविराम हवा आणि तोही वरच चढवलेला, नाहीतर १ आणि २ मिळून १२ वाचले जातात.

वर्डमध्ये अंक हाताने टाइप करून वर चढवणं ही सगळ्यांत महागात पडणारी सवय. मधे एक टीप वाढली की पुढचे सगळे आकडे चुकतात. कंट्रोल-ऑल्ट-एफ दाबून खरी तळटीप घाला. लेखकाने सगळीकडे अंक आधी टाकले असतील तर शोधा-बदलामध्ये वाइल्डकार्ड (नमुन्यानुसार शोधण्याची सोय) चालू करून शोधायच्या चौकटीत (^2)([.,;]) आणि बदलायच्या चौकटीत \2\1 लिहा. त्याआधी ट्रॅक चेंजेस (केलेल्या बदलांची नोंद ठेवणारी सोय) बंद करा, नाहीतर अदलाबदल विस्कटते. 'सगळे बदला' एकदम दाबू नका. जर्मन पद्धतीने विचार करून टाकलेले अंकही त्यात सरकतील.

अंकाचा फॉन्ट मजकुराहून वेगळा पडला की ती ओळ वरच्या ओळीपासून दूर सरकल्यासारखी दिसते. देवनागरी मजकुरात अंक रोमन फॉन्टमधून उचलला गेला की हे हमखास होतं. तळटीप-अंकाच्या कॅरेक्टर स्टाइलमध्ये (अक्षरांचं रूप ठरवणाऱ्या शैलीत) देवनागरी फॉन्ट ठरवून द्या. ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' करूनही ओळी समान होतात, पण मूल्य कमी धरलं तर वेलांट्यांची डोकी कापली जातात. छापून तपासा, स्क्रीनवरच्या दिसण्यावर विसंबू नका.

लाटेकमध्ये, म्हणजे कमांड लिहून जुळणी करायच्या प्रणालीत, फुटनोटची कमांड विरामचिन्हाला चिकटून, मधे स्पेस न ठेवता लिहायची. कमांड नव्या ओळीवर घ्यायची असेल तर आधीच्या ओळीच्या शेवटी % टाका. तो विसरला की ओळ बदलल्याची स्पेस छापली जाते. एफएनपीसीटी (fnpct) हे लाटेकचं पॅकेज पुढचं विरामचिन्ह ओळखून अंक त्याच्यानंतर नेतं आणि अंकाला स्वल्पविराम-पूर्णविरामाच्या थोडं वर ओढतं. मथळ्यात मात्र टीप टाळा, ती अनुक्रमणिकेत आणि पानाच्या शीर्षपट्टीत उतरते. मथळ्याखालच्या पहिल्या वाक्याला ती जोडता येते.

'टीप १४ पाहा' असे उल्लेख असतील तर तोही आकडा टाइप करू नका, वर्डमधला क्रॉस-रेफरन्स (टिपेच्या अंकाशी जोडलेला उल्लेख) वापरा. वर्ड हे आकडे आपणहून बदलत नाही. शेवटची प्रत काढण्याआधी कंट्रोल-ए (सगळा मजकूर निवडायला) आणि एफ९ (आकडे अद्ययावत करायला) दाबावं लागतं, आणि मुख्य मजकुरात केलेली ही निवड टिपांपर्यंत पोहोचत नाही. कर्सर एखाद्या टिपेत ठेवून तेच पुन्हा करा.